दुकान वाढवलं

समुद्र कसा होता, असं येणारा-जाणारा मला विचारतो. विचारणारच. आमच्या वर्धा जिल्ह्यात मोठं पाणी म्हणजे हिंगणीजवळचं बोर धरण. शाळेची सहल तिथे गेली की आम्ही मुली काठावर उभ्या राहून 'बापरे, केवढं पाणी!' म्हणायचो आणि डबे उघडायचो. म्हणून लोक समुद्राचं विचारतात, आणि मी सांगते, निळा होता, छान होता. त्यांना तेवढंच हवं असतं. बबनकाका शेजारी बसलेले असले तर ते उठून आत जातात.

ज्यांना खरोखर ऐकायचंय त्यांच्यासाठी हे लिहितेय. देशाचं नाव मात्र लिहिणार नाही. एवढासा तो देश, सगळे सगळ्यांना ओळखतात. नाव वाचलं की कोणाबद्दल लिहिलंय ते तिथे लगेच कळेल, आणि त्या माणसांनी पुरेसं सोसलंय. हिंदी महासागरातली वाळूची बेटं, वर नारळाची झाडं, एवढं डोळ्यांपुढे आणा म्हणजे झालं.

दोन हजार सालाच्या पुढची ती वर्षं. जो तो 'इंटरनेटवर धंदा' म्हणत सुटला होता. वर्ध्यात माझं छोटंसं कॉम्प्युटरचं ऑफिस होतं; मी आणि प्रसाद नावाचा इंजिनिअर, एवढाच कारभार. प्रसाद बँकेतल्या साहेबाचा मुलगा. वडिलांच्या बदल्यांबरोबर भोपाळ, बंगलोर, दिल्ली करत वाढलेला. गुणी माणूस, सांगितलेलं काम रात्र जागून करणारा. नागपूरच्या एका मोठ्या कंपनीला त्या बेटांच्या सरकारचं काम मिळालं होतं. तिथल्या बायका लव्हाळ्याच्या चटया विणतात. त्या चटया इंटरनेटवरून परदेशात विकायच्या. नागपूरवाल्यांनी ते आमच्या गळ्यात टाकलं. प्रसादने वर्ध्यात बसून वेबसाइट चालवायची आणि मी तिकडे जाऊन दुकान उभं करायचं, असं ठरलं.

"एकटी जाते?" बबनकाका म्हणाले. "समुद्रापार? काऊन, घरातली माणसं मेली का?"

हे माझे धाकटे काका. नागपूरहून हैदराबादकडे जाणाऱ्या रस्त्यावर, जाम गावाच्या चौकात त्यांचं ताडपत्री आणि दोराचं दुकान आहे. ट्रकवाले थांबतात, ताडपत्री बदलतात, दोर घेतात, चहा पितात, पुढे जातात. काकांनी बांधलेली गाठ थेट कन्याकुमारीपर्यंत सुटत नाही, असं ट्रकवालेच सांगतात. काका स्वतः नागपूरच्या पुढे कधी गेलेले नव्हते.

"तिकडं काथ्याचा दोर सस्ता भेटते म्हणतेत," ते म्हणाले. "मले धंदा पाह्याचा हाये. तुह्यासाठी नाई येऊन राह्यलो मी."

स्वतःच्या खर्चाने आले. माल बांधायचं ज्ञान असलेला माणूस म्हणून कंपनीने त्यांना 'पॅकिंग सल्लागार' केलं. ते पद काकांनी हिंगणघाटपर्यंत सगळ्यांना सांगून टाकलं.

राजधानी

विमानतळावर काकांची पिशवी उघडली गेली. आत तिखटाची बरणी, जवसाची चटणी, चिवडा, पिवळ्या ताडपत्रीचे घडी केलेले तुकडे आणि एक नारळ. अधिकाऱ्याने नारळ हातात घेतला, एकदा काकांकडे पाहिलं आणि खिडकीबाहेर पाहिलं. बाहेर जिथे नजर जाईल तिथे नारळच नारळ.

"मुहूर्त के लिए है," काका म्हणाले. "हमारे गाव का है."

तो माणूस इतका हसला की त्याने दुसऱ्याला बोलावून दाखवलं. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. काका मात्र नारळ परत पिशवीत ठेवून रुबाबात पुढे निघाले.

तिथे सगळ्यांना थोडंफार हिंदी येतं. सिनेमे पाहून आलेलं हिंदी ते. भांडण आणि प्रेम दोन्ही झकास करता येतं, पण भाजीचा भाव विचारायला अडखळतात. आमचं नागपुरी हिंदी त्यांना गावंढळ वाटत असणार, पण कोणी तसं दाखवलं नाही.

राजधानीचं बेट केवढं? नाश्ता करून फिरायला निघालं तर चहाच्या वेळेला फेरी मारून जागेवर. त्यावर माणूस नुसता दाटीवाटीने बसलेला. काकांचे हाल झाले ते जेवणाचे. भातात मासा, रश्शात मासा, सकाळच्या खोबऱ्यातसुद्धा मासा. काका पोळीला जवसाची चटणी लावून खात आणि बशीकडे पाठ करून बसत. पहिल्याच दिवशी त्यांनी रस्त्याकडेची पांढरी वाळू मुठीत घेतली, बोटांतून गळू दिली.

"याच्यात कापसाची पऱ्हाटी कशी येईन?" ते म्हणाले. "काहीच नाई येत याच्यात. खातेत काय हे लोक?"

"मासा," मी म्हटलं.

"थेच तं!" असं म्हणून त्यांनी हात झटकले.

आमचं काम ज्यांच्याकडे होतं ते सरकारी साहेब सदा हसतमुख. पांढरा शर्ट, खिशाला पेन, आणि तोंडात एकच वाक्य: आपल्या देशातलं हे पहिलं इंटरनेटचं दुकान आहे. मंत्री येणार, फोटो निघणार, परदेशी मदत देणारे पाहणार. दुकान चाललं पाहिजे. चटया विणतं कोण, हे विचारल्यावर त्यांनी नकाशावर दूरच्या एका ठिपक्यावर बोट ठेवलं.

हलीमाचं बेट

त्या ठिपक्यावर आम्हाला युसूफने त्याच्या होडीतून नेलं. होडी लाकडाची, इंजिन लावलेली, पुढचं टोक वर उचललेलं. मी सगळ्या वाटेने ओकत होते. काका मधोमध डोळे मिटून बसले होते आणि मारुतीचं नाव घेत होते. युसूफ सुकाणूजवळ उभा राहून जुनी हिंदी गाणी म्हणत होता, तीही चुकीच्या शब्दांत. सडपातळ, हसरा, तिशीतला माणूस. मला ओकारी आली की गाणं थांबवायचा, पाणी द्यायचा आणि पुन्हा त्याच ओळीपासून सुरू करायचा.

हलीमा त्याची मोठी बहीण. त्या बेटावर चांगली चटई विणणाऱ्या ज्या बायका उरल्या होत्या त्यांची ही म्होरकी. आमच्याकडे बायका दारात बसून तांदूळ निवडतात तशी ती दारात बसून विणत होती. लव्हाळं वाळवून, काळ्या-तांबड्या रंगात रंगवून, मागावर ताणून. एका चटईला किती दिवस लागतात ते पाहून मला प्रसादने वेबसाइटवर काढलेल्या रंगीत बटणांची लाज वाटली.

पहिल्याच दिवशी चहा देता देता तिने सरळ विचारलं, "ये दुकान सच में चलेगा?"

मी म्हटलं, चालेल.

"तो युसूफ नहीं जाएगा," ती म्हणाली.

मग तिने सगळं सांगितलं. त्या बेटावरचे कर्ते पुरुष परदेशी मालवाहू जहाजांवर जातात. तिचा नवरा गेला, परत आलाच नाही. मेला नाही, दुसऱ्याच कुठल्या बंदरावर संसार मांडून बसला. आता युसूफचेही जहाजाचे कागद आले होते. पाऊस संपेस्तोवर त्याला उत्तर द्यायचं होतं. चटया विकल्या गेल्या, त्या राजधानीला पोचवायचं काम कायमचं मिळालं, तर तो राहणार होता. नाही तर जाणार. त्या घरात दुसरं कोणी नव्हतं.

युसूफ दाराशी उभा होता. "आपा को दुकान नहीं चाहिए," तो हसत म्हणाला, "आपा को मैं चाहिए।"

हलीमाने त्याला ओलं लव्हाळं फेकून मारलं.

काकांचं आणि त्याचं भलतंच जमलं. काका त्याला ताडपत्रीत माल कसा गुंडाळायचा ते शिकवत. आधी घडी कुठे घालायची, कोपरे आत कसे दाबायचे, दोर कुठून फिरवायचा, शेवटची गाठ कशी मारायची. "असी गाठ मारजो," काका मराठीतच सांगत, "का पाण्यात पडली तरी आत थेंब नाई गेला पाह्यजे." युसूफला शब्द कळत नव्हते, पण हात कळत होते. थोड्याच दिवसांत त्याची गाठ आणि काकांची गाठ ओळखू येईनाशी झाली. जामहून आणलेले पिवळे तुकडे काकांनी त्यालाच देऊन टाकले.

मुहूर्त

मुहूर्ताला साहेब आले, मंत्री काही आले नाहीत. राजधानीहून आणलेला कॉम्प्युटर शाळेच्या खोलीत मांडला होता. तिथे इंटरनेट पोचत नव्हतं, म्हणून पडद्यावर नुसतं दुकानाचं चित्र. काकांनी जामचा नारळ फोडला. बेटावरच्या बायका तोंडावर ओढण्या धरून हसल्या, पण खोबरं सगळ्यांनी खाल्लं. "मीठा है," हलीमा म्हणाली, आणि काका फुलून गेले.

दुकान कसं चालायचं ते सांगते. परदेशातला माणूस चटई निवडायचा. ती मागणी वर्ध्यात प्रसादकडे यायची, प्रसाद ती राजधानीला कळवायचा, तिथून वायरलेसवर बेटाच्या कचेरीत वाचून दाखवायचे. चटई युसूफच्या होडीतून राजधानीला आणि तिथून टपालाने बाहेर. ठरल्या मुदतीत पोचलीच पाहिजे, हे वेबसाइटवर ठळक लिहिलं होतं. साहेबांचाच तो आग्रह. मागण्या येऊ लागल्या. थोड्याच, पण आल्या. पहिली चटई निघाली तेव्हा हलीमाने तिच्या कोपऱ्यात आपलं नाव विणलं होतं, बारीक, काळ्या धाग्यात.

जेवणानंतर आम्ही सगळे अंगणात बसलो होतो. हलीमा म्हणाली, पावसाच्या महिन्यांत इथे कोणी होडी काढत नाही. "समंदर बंद होता है। तब दुकान भी बंद करना।"

काकांनी दचकून हात वर केला. "ए बाई, बंद मत बोलो! अच्छा नहीं होता."

इथे वाचकांना सांगायला हवं, कारण सगळ्यांच्या घरी ही रीत नसते. आमच्या दुकानदारांच्या घरात 'बंद' हा शब्द दुकानाला लावत नाहीत. संध्याकाळी शटर ओढलं की दुकान 'वाढवलं' म्हणायचं. बांगडी फुटली की ती 'वाढली' म्हणतात, तसंच. वाईट शब्द तोंडातून काढायचा नाही. लहानपणी मी एकदा दुकानभर गिऱ्हाइकांसमोर 'बाबा, दुकान बंद केलं का?' विचारलं होतं आणि बाबांनी तिथेच गालफडात मारली होती.

काकांनी हे सगळं आपल्या हिंदीत समजावलं. हलीमा डोळे बारीक करून ऐकत होती.

"बंद को बोलते हो बढ़ाया?"

"हाव."

"फिर सच में बढ़ाया, तो क्या बोलते हो?"

काका थांबले. "वो भी... बढ़ाया."

युसूफ वाळूत आडवा पडून हसला. मग हलीमा, मग मीसुद्धा. "हमारे यहाँ बंद तो बंद," हलीमा म्हणाली. "समंदर को मीठा बोलने से वो सुनता है क्या?" काकाही हसले, पण मानले नाहीत. "तुमचं तुमच्याजवळ," ते पुटपुटले. "आमी नाई बोलणार थो शब्द."

धक्क्यावरचा फोन

वारा बदलला तेव्हा मलाही कळलं. आकाश तेच होतं, पण पाणी राखाडी दिसू लागलं. हलीमाने आठवण केली, आता दुकान बंद करा. साहेबांना आधीच सांगून ठेवलं होतं, ते हो म्हणाले होते. उरलं वर्ध्याला कळवणं.

बेटावर एकच फोन. धक्क्याजवळ, कार्ड घालून बोलायचा. लागता लागत नसे, लागला तर मध्येच तुटे. मला ताप भरला होता, तरी गेले. नंबर फिरवला, प्रसादचा आवाज आला, गेला, पुन्हा आला. मी 'हॅलो, हॅलो' करत बसले तसा काकांनी रिसीव्हर ओढून घेतला.

"दे इकडं. तुह्यं ऑफिसचं मराठी वाऱ्यात उडून जाते." आणि मग जामच्या चौकात ट्रकवाल्याला हाक मारतात त्या आवाजात, "प्रसाद! मी काका बोलून राह्यलो! हाव, सुमन मजेत हाये! ऐक, पाऊस लागायच्या आत दुकान वाढवून टाक!... वाढवून, वाढवून!... कितपत म्हणजे? पूर्ण वाढव!... हाव, आजच्या आज!"

फोन तुटला. काकांनी रिसीव्हर ठेवला आणि माझ्याकडे पाहिलं.

"कितपत वाढवू म्हणून विचारून राह्यला! अर्धं दुकान कोणी वाढवते का वं?"

"शटर अर्ध्यावर ओढायचं असेल त्याला," मी म्हटलं. आम्ही दोघं हसलो. मी शेजारीच उभी होते, शब्दन् शब्द ऐकला होता. मला काही म्हणजे काही खटकलं नाही. आमच्या घरात जन्मलेल्या माणसाला त्यात खटकायला होतं काय?

दुसऱ्या दिवशी साहेबांच्या ठरलेल्या कार्यक्रमाप्रमाणे आम्ही दक्षिणेच्या बेटांवर गेलो. तिथल्या बायकांना दुकान समजावायचं होतं. निघताना युसूफ धक्क्यावर होता. जहाजवाल्यांना त्याने नकार कळवला होता. "आपा जीत गई," तो म्हणाला. काकांनी त्याच्या पाठीवर थाप मारली आणि आपल्याकडे म्हणतात तसं म्हणाले, "येजो जामले. माह्या दुकानात बसवीन तुले." मी त्याला हिंदीत सांगितलं. त्याने विचारलं, जामला समुद्र आहे का? काका म्हणाले, नाही, हायवे आहे.

दक्षिणेत आम्ही अडकून पडलो. पाऊस सुरू झाला, बोटी थांबल्या, फोन नव्हताच. त्या दिवसांबद्दल लिहिण्यासारखं काही नाही. काका खिडकीत बसून पाण्याकडे बघत आणि दर वेळी म्हणत, "बरं झालं, वाढवून टाकलं."

पुन्हा राजधानी

सरकारी बोटीने आम्ही परतलो तर साहेब मिठाईचा डबा घेऊन उभे. "तुमचा वर्ध्याचा माणूस जादूगार आहे," ते म्हणाले.

मला कळेना. त्यांनी ऑफिसात नेऊन कॉम्प्युटर समोर केला. आमचं दुकान उघडं होतं. नुसतं उघडं नव्हतं, ओळखू येईना. नवी दालनं, नवे नमुने, पावसाळी सवलत, एकावर एक. जगभरच्या दुकानदारांना पाठवलेली आमंत्रणं. आणि मागण्या! पडदा खाली सरकवत गेले तरी संपेनात.

मी तिथूनच वर्ध्याला फोन लावला. नंबर दोनदा चुकला.

"ताई!" प्रसादचा आवाज आनंदाने फुटत होता. "पाहिलंत का? काका म्हणाले होते ना, पावसाच्या आत पूर्ण वाढव. मी घरीच गेलो नाही हो ताई, इथेच झोपत होतो... ताई? काही चुकलं का?"

काका माझ्या खांद्याशी उभे होते. त्यांना सगळं ऐकू आलं. त्यांच्या चेहऱ्याचं मी काही लिहू शकत नाही. प्रसादला मी ओरडून सांगितलं, बंद कर, आत्ताच्या आत्ता बंद कर. आयुष्यात पहिल्यांदा तो शब्द मी दुकानाला लावला आणि काकांनी मला अडवलं नाही.

"या मागण्या बेटावर कळवल्या का?" मी साहेबांना विचारलं.

रोज कळवल्या, ते म्हणाले. वायरलेसवर वाचून दाखवल्या.

"तुम्हाला ठाऊक होतं ना, पावसात होड्या नसतात म्हणून?"

त्यांचं हसू जरा आखडलं. "तुम्हीच तर चालू ठेवलं. मला वाटलं, तुमचा काही विचार असेल." आणि हळूच पुढे म्हणाले, पहिल्याच वर्षी मुदत चुकली असती तर देशाचं नाव गेलं असतं.

मला इतका संताप आला की मिठाईचा डबा मी टेबलावरून खाली ढकलला. सगळ्यांचे पैसे परत करा, बेटावर कळवा, कोणी निघू नका म्हणावं! साहेबांनी वायरलेस लावून घेतला. खरखर, शिट्टी, मग एका म्हाताऱ्याचा आवाज. साहेब त्यांच्या भाषेत बोलले आणि ऐकत राहिले. ऐकता ऐकता त्यांनी खुर्ची ओढून घेतली.

युसूफ सकाळीच निघाला होता. वारा जरा पडला होता, म्हणाला, ही संधी आहे. बायकांनी घरोघरच्या चटया आणून दिल्या, जुन्यासुद्धा. हलीमा नको म्हणत होती. तो म्हणाला, वर्ध्याच्या लोकांनी दुकान उघडं ठेवलंय, ते काही वेडे नाहीत.

बंदर

आम्ही बंदरावर जाऊन बसलो. वारा पुन्हा उठला होता. काका काही खात नव्हते. माणसं येत, पाण्याकडे बघत, आमच्याकडे बघत आणि निघून जात. सरकारची बोट शोधायला गेली, तशीच परत आली. पुन्हा गेली.

मग एक मोठी मासेमारी बोट आत आली. तिच्या कठड्याला काहीतरी पिवळं बांधलेलं होतं. मला आधी कळलं नाही. काका उठून उभे राहिले.

ती जामची ताडपत्री होती. कोळ्यांना ती पाण्यावर तरंगताना दिसली, त्यांनी आकड्याने ओढून घेतली. होडी त्यांना दूर उलटी दिसली होती. माणूस नव्हता.

बंदरावरच्या पोलिसाने गाठ सोडायचा प्रयत्न केला. सुटेना. त्याने चाकू काढला तसे काका पुढे झाले, खाली बसले आणि बोटांनी गाठ सोडली. कोपरे उलगडले, एक घडी, दुसरी घडी. आतून वाळलेल्या लव्हाळ्याचा वास आला. काकांनी सगळ्यात वरच्या चटईवर तळहात फिरवला, मग त्याच्या खालच्या, मग हात अगदी तळापर्यंत घातला.

"कोरड्या हायेत," ते म्हणाले. "सुमे, साऱ्या कोरड्या हायेत."

आणि त्या धक्क्यावर, सगळ्या परक्या माणसांत, माझे काका लहान पोरासारखे रडायला लागले.

युसूफ सापडला नाही. हलीमाला सरकारी बोटीने आणलं तेव्हा त्यांच्याकडे देहाशिवाय करतात ती नमाज झाली होती. ती आम्ही उतरलो होतो तिथे आली. दारात उभी राहिली, आत येईना. मी तिचे हात धरायला गेले तर तिने धरू दिले, पण तिची नजर काकांवर होती.

"आपने फोन किया था," ती म्हणाली. "मेरे सामने गए थे।"

"किया था," काका म्हणाले.

"क्या बोला था?"

मी मध्ये पडले, म्हटलं, लाइन खराब होती, वारा होता. काकांनी मला हाताने गप्प केलं.

"वाढव बोला था," ते म्हणाले. "बढ़ाओ."

हलीमाला सगळं समजायला वेळ लागला नाही. त्या अंगणातल्या गप्पा तिला आठवत असणार. युसूफ कसा हसला होता तेही. ओरडली असती, शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं. तिने अगदी साधं विचारलं, खरोखरच उत्तर हवं असल्यासारखं.

"बंद बोलते, तो क्या होता?"

ती उत्तरासाठी थोडी थांबली आणि निघून गेली.

जाम

त्या चटयांचं काय करायचं, असं साहेबांनी निघायच्या आधी दबक्या आवाजात विचारलं होतं. माल कोरडा आहे, पैसे आलेले आहेत. मी त्यांना जे बोलले ते इथे लिहिण्यासारखं नाही. त्या हलीमाकडे परत गेल्या. काथ्याचा दोर काकांनी पाहिलासुद्धा नाही. पुढे नागपूरवाल्यांनी ते काम दुसऱ्या कोणाला तरी दिलं. प्रसादने बरेच दिवस मला तोंड दाखवलं नाही. त्याचा काय दोष? त्याने मराठी शब्दाचा मराठी अर्थ घेतला.

परवा कामाने मी हिंगणघाटला गेले होते, येताना जामला थांबले. संध्याकाळ होत आली होती, चौकात ट्रकची रांग लागलेली. काका दुकानासमोरचे दोराचे वेटोळे आत घेत होते. पिवळी ताडपत्री ते आता विकत नाहीत, निळीच ठेवतात. काकूंनी चहा केला. शेजारचा पानवाला नेहमीसारखा ओरडला, "का हो बबनभाऊ, वाढवलं का दुकान?"

काकांनी शटर ओढलं, कुलूप लावलं, ओढून पाहिलं.

"बंद केलं," ते म्हणाले.

पानवाला हसायला गेला, पण थांबला. काकूंनी पदर तोंडाशी नेला. "कितीदा सांगतलं यायले," त्या माझ्याकडे वळून म्हणाल्या. "रोज असंच बोलतेत. दिवेलागणीच्या वेळेले असं बोलू नाई. तू तरी सांग वं सुमे."

काकांनी किल्ली खिशात टाकली आणि माझ्याकडे पाहिलं, मी काय म्हणते त्याची वाट पाहत.

"बंद केलं काकू," मी म्हटलं. "बंदच म्हणतात त्याला."